नव्या गाडीच्या रंगातला ऐब

चिपळूणजवळच्या एका गावातून एका वाचक भगिनीचे सविस्तर पत्र आले आहे. पती कुवेतमध्ये नोकरीला. चार वर्षे थोडे थोडे पैसे बाजूला टाकून त्यांनी नऊ लाखांच्या आसपासची पांढरी मोटार घेतली. ईदच्या दोन दिवस आधी, संध्याकाळी साडेसातला शोरूममधून गाडी ताब्यात मिळाली. हार झाला, पेढे झाले, फोटो झाले. तिसऱ्या दिवशी धाकट्या दिराने अंगणात गाडी धुतली आणि हाक मारली, "भाभी, हा दरवाजा बघा." उजवा मागचा दरवाजा बाकीच्या गाडीपेक्षा किंचित निळसर पांढरा होता. हात फिरवला तर बारीक कण लागत होते. दरवाजाच्या काळ्या रबरावर पांढऱ्या रंगाची कड आली होती. शोरूमला फोन केला तर उत्तर मिळाले, "आणा गाडी, एका दिवसात परत मारून देतो, कळणारसुद्धा नाही." सासूबाई म्हणतात, ईदची गाडी आहे, एवढ्यातेवढ्यावरून तोंड वाजवू नका. भगिनी विचारतात, गाडी नेऊन द्यावी का?

आधी उत्तर देतो. गाडी आत्ता देऊ नका. पुढे कदाचित द्यावी लागेल, पण आधी कागद झाला पाहिजे, रंग त्यानंतर. आणि सासूबाईंना सांगा, भांडायचे नाही, फक्त लिहून विचारायचे आहे.

आता कारण. "परत मारून देतो" हे ऐकायला भरपाईसारखे वाटते, पण त्यात तुमचे काय जाते हे समजायला गाडीला रंग कसा लागतो ते पाहावे लागेल. कारखान्यात गाडीचा नुसता पत्र्याचा सांगाडा असतो. आत ना सीट, ना वायर, ना काच, ना रबर. तो सांगाडा धुऊन, त्यावर फॉस्फेटची प्रक्रिया करून, अख्खाच्या अख्खा रंगाच्या हौदात बुडवतात आणि विजेच्या साहाय्याने पहिला थर कोपऱ्याकोपऱ्यात बसवतात. गंजापासून खरे संरक्षण हाच थर करतो. तो साधारण १६० ते १८० अंश सेल्सियसला भाजून निघतो. मग प्रायमर, मग रंगाचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. हे वरचे थरही साधारण १४० अंशांच्या भट्टीतून जातात. एवढे सगळे थर मिळून जाडी भरते साधारण १०० ते १३० मायक्रॉन. माणसाचा एक केस सुमारे ७० मायक्रॉनचा असतो, म्हणजे दोन केसांपेक्षाही कमी.

गॅरेजमध्ये हे होऊ शकत नाही. तिथे गाडी पूर्ण जोडलेली असते. आत प्लास्टिक आहे, वायरिंग आहे, टाकीत पेट्रोल आहे. ती १४० अंशांत कशी ठेवणार? म्हणून तिथे हार्डनर मिसळलेला वेगळ्या जातीचा रंग वापरतात आणि चांगल्या पेंट बूथमध्ये तो साधारण ६० अंशांना सुकवतात. चांगल्या कारागिराच्या हातचे काम उत्तम दिसते, वर्षानुवर्षे टिकतेही. मी त्याला कमी लेखत नाही. पण नव्या गाडीची किंमत मोजताना आपण कारखान्यातल्या त्या भाजलेल्या रंगाचीही किंमत मोजलेली असते. तो एकदा पॉलिश पेपरने घासला की परत येत नाही. या भगिनींच्या बाबतीत लक्षणे अशी आहेत की तो दरवाजा आधीच एकदा गॅरेजमध्ये रंगवला गेला असावा. आता त्यावर घाईघाईने दुसरा हात मारला तर जाडी वाढेल आणि पहिल्या कामाचा पुरावाही पुसला जाईल.

"असावा" म्हणतो, कारण रंगातला प्रत्येक फरक म्हणजे फसवणूक नव्हे. कारखान्यातही शेवटच्या तपासणीत एखाद्या भागावर दोष दिसला तर तो तिथेच दुरुस्त करतात. प्लास्टिकचे बंपर पत्र्यापेक्षा वेगळे, कमी तापमानाला रंगवलेले असतात, त्यामुळे चंदेरी किंवा मोतिया रंगात बंपर आणि मडगार्ड यांत थोडा फरक नव्या गाडीतही दिसतो. क्लिअर कोट जवळून पाहिला तर संत्र्याच्या सालीसारखा बारीक उंचसखल दिसतो. थोड्या प्रमाणात तो जवळजवळ सगळ्याच गाड्यांना असतो. पांढऱ्या गाडीवर तांबूस ठिपके दिसले की लोक घाबरून "नव्या गाडीला गंज" म्हणतात. बहुतेक वेळा तो पत्र्याचा गंज नसतो. गाडी रेल्वेने आली असेल किंवा रुळांजवळच्या, कारखान्याजवळच्या यार्डात उभी असेल, तर लोखंडाचे सूक्ष्म कण रंगावर बसतात आणि पावसाळी हवेत तेच कण गंजतात. विशिष्ट रसायनाने किंवा क्ले बारने ते निघतात. त्यासाठी दरवाजा रंगवायला निघालेला मेकॅनिक भेटला तर त्याला सलाम करून परत या. धुण्याच्या फडक्याचे गोल गोल ओरखडे बफिंगने जातात. एखाददुसरा धुळीचा कण रंगाखाली अडकला असेल तर माझा सल्ला असा की तो तसाच राहू द्या. तो काढायला क्लिअर कोट घासावा लागेल, आणि त्या थराची जाडीच जेमतेम चाळीस-पन्नास मायक्रॉन असते.

मग गॅरेजचे काम ओळखायचे कसे? काही खुणा पक्क्या आहेत. रबरावर, काचेच्या कडेला किंवा चाकाच्या आतल्या प्लास्टिकवर रंगाची फवार. दरवाजा उघडल्यावर आतल्या कडेला चिकटपट्टी लावून उठवलेली सरळ रेघ. बिजागरीच्या बोल्टच्या डोक्यावरचा रंग उडालेला, म्हणजे दरवाजा केव्हातरी काढला होता. एका बाजूला स्टिकर आहे आणि दुसऱ्या बाजूला त्याच जागी नाही. ओघळ, म्हणजे रंग खाली घरंगळून गोठलेला थेंब. हे सगळे डोळ्यांनी आणि बोटांनी कळते. त्यापुढे रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र असते. जुन्या गाड्यांची किंमत काढणाऱ्यांकडे आणि बऱ्या बॉडीशॉपमध्ये ते सापडते. एकच आकडा घेऊन काही कळत नाही. डाव्या मागच्या दरवाजाचे पाच ठिकाणचे आकडे आणि उजव्याचे त्याच पाच ठिकाणचे आकडे शेजारी मांडायचे. डावीकडे ११०–१२० आणि उजवीकडे २५०–३०० आले तर तो दरवाजा पुन्हा रंगवलेला आहे. हजाराच्या घरात गेले तर आत पुट्टी भरलेली आहे, म्हणजे तिथे ठोकर बसली होती. हे साधे यंत्र बंपरवर चालत नाही, ते प्लास्टिक आहे.

चिपळूणच्या भगिनींनी हे आकडे शोरूमशी संबंध नसलेल्या माणसाकडून घ्यावेत. त्याच्या लेटरहेडवर गाडीचा नंबर, चॅसिस नंबर, तारीख आणि सही घ्यावी. दिवसाच्या उजेडात, सावलीत उभे राहून दोन्ही दरवाजांचे फोटो काढावेत. एका फोटोत नंबरप्लेट आणि एका फोटोत किलोमीटरचा आकडा यावा. हे सगळे दोन-तीन दिवसांत उरकावे. आणि मग ईमेल. फोनवर बोललेले वाऱ्यावर जाते. ईमेल शोरूमच्या व्यवस्थापकाला आणि त्याच वेळी कंपनीच्या ग्राहक विभागाला पाठवायचा. त्यात रागाचा एकही शब्द नको. "या चॅसिस नंबरच्या गाडीवर डिलिव्हरीपूर्वी कोणतेही रंगकाम किंवा दुरुस्ती झाली आहे का, झाली असल्यास कधी, कोठे आणि कशामुळे, हे लेखी कळवावे. डिलिव्हरीपूर्व तपासणीच्या कागदाची प्रत द्यावी. दरवाजातील दोष आम्हाला मान्य नाही आणि उत्तर मिळेपर्यंत आम्ही आमचे हक्क राखून ठेवत आहोत." एवढे पुरे.

शेवटचे वाक्य मुद्दाम आहे. १९३० च्या माल विक्री कायद्यात असे आहे की न तपासता ताब्यात आलेला माल तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत तो स्वीकारला असे धरत नाहीत. मात्र वाजवी मुदत उलटेपर्यंत माल ठेवून घेतला आणि नाकारतो असे कळवले नाही, तर तो स्वीकारला असे मानतात. रात्री साडेसातला ट्यूबलाइटखाली मिळालेली गाडी तिसऱ्या दिवशी सूर्यप्रकाशात पाहणे ही वाजवी संधीच आहे. सहा महिन्यांनी आठवण होणे ही नाही. आपल्यातल्या ज्यांनी मदरशात किंवा घरी फिक्ह वाचले आहे, त्यांना "खियारे ऐब" हा शब्द माहीत असेल. विकत घेतलेल्या वस्तूत छुपा दोष निघाला तर सौदा ठेवायचा की मोडायचा, हा खरेदीदाराचा अधिकार. तिथेही हीच अट आहे. ऐब कळल्यानंतर राजी असल्यासारखी वस्तू वापरत राहिलात तर अधिकार जातो. म्हणून आधी लिहा.

पत्रात त्यांनी एक शंका विचारली आहे. गाडी पतीच्या नावावर आहे आणि ते परदेशी, मग मी तक्रार करू शकते का? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पैसे देणारा तर ग्राहक आहेच, शिवाय त्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहकच आहे. म्हणजे भगिनी स्वतः ग्राहक आहेत. तरी सोय म्हणून पहिला ईमेल पतींच्या पत्त्यावरून जाऊ द्यावा आणि त्यांनी पत्नीला पुढचा व्यवहार पाहण्याचे सहीचे पत्र द्यावे. शोरूममध्ये "साहेबांनाच पाठवा" हे वाक्य फार ऐकायला मिळते. पत्र पर्समध्ये असले की ते वाक्य तिथेच संपते.

आता अपेक्षा काय ठेवावी? इथे मी खोटी आशा देणार नाही. "गाडी बदलून द्या" ही मागणी पासिंगच्या आधी सोपी आणि पासिंगनंतर फार अवघड असते. नंबर पडला की ती गाडी कागदोपत्री एका मालकाची झाली. शोरूमला ती परत घेऊन नवी म्हणून विकता येत नाही. न्यायालयेही हात राखून असतात. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका मोटारीच्या खटल्यात म्हटले की एखादा भाग सदोष असेल तर वॉरंटीनुसार तो भाग बदलून द्यावा, त्यासाठी अख्खी गाडी बदलण्याचा आदेश योग्य नाही. एका दरवाजाच्या रंगासाठी नवी गाडी मिळेल असे धरून चालू नये. मिळू शकते ते असे: दोषाची लेखी कबुली, नीट दुरुस्ती, त्या दरवाजाच्या रंगावर वेगळी लेखी हमी आणि गाडीचे मूल्य घटले त्याबद्दल रोख रक्कम. शेवटची गोष्ट मागायला लोक संकोचतात. संकोचू नये.

मूल्य घटण्याचा हिशोब कसा लागतो, याचा एक खटला अमेरिकेत गाजला. १९९० मध्ये अलाबामा राज्यातल्या एका डॉक्टरांनी ४०,७५० डॉलरची नवी बीएमडब्ल्यू घेतली. नऊ महिने त्यांना काही जाणवले नाही. मग गाडी चमकवून घ्यायला एका कारागिराकडे नेली आणि त्याने सांगितले, ही पुन्हा रंगवलेली आहे. चौकशीत निघाले की जर्मनीहून येताना बहुधा आम्लयुक्त पावसाने रंग खराब झाला होता आणि कंपनीने तो दुरुस्त केला होता. खर्च आला होता सुमारे ६०१ डॉलर, म्हणजे किमतीच्या दीड टक्का. कंपनीचा नियमच होता, दुरुस्तीचा खर्च किमतीच्या तीन टक्क्यांच्या आत असेल तर गाडी नवी म्हणूनच विकायची आणि डीलरलाही सांगायचे नाही. ज्युरीने नुकसान किती धरले? दुरुस्तीच्या खर्चाइतके नव्हे. पुन्हा रंगवलेल्या गाडीची किंमत दहा टक्के उतरते, ही जाणकाराची साक्ष मानून ४,००० डॉलर. वर दंड म्हणून ४० लाख डॉलर ठोठावले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दंड अर्धा केला. २० मे १९९६ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तोही अवाजवी ठरवला आणि पुढच्या वर्षी दंड ५० हजारांवर आला. कायद्याचे विद्यार्थी हा खटला दंडाच्या मर्यादेसाठी वाचतात. आपल्याला त्यातले दोन आकडे पुरे आहेत: रंगवायचा खर्च दीड टक्का, किमतीतली घट दहा टक्के. "आम्ही फुकट रंगवून देतो म्हणजे हिशोब मिटला" असे शोरूमवाले म्हणतात, तेव्हा ते फक्त पहिला आकडा मोजत असतात.

आणि तिथे दोष रंगवण्याचा नव्हता, न सांगण्याचा होता. आपल्याकडे डागडुजी केलेली किंवा जुनी वस्तू नवी म्हणून विकणे ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. शेजारच्या गोव्यातला खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. ग्राहकाला २०११ चे मॉडेल हवे होते. पैसे भरल्यावर कळले की गाडी २००९ ची आहे, ६२२ किलोमीटर चाललेली आहे, तळाला गंज आहे आणि अंगावर ओरखडे आहेत. ग्राहक मंचाने त्याच्या बाजूने निकाल दिला. पण २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाडी बनवणाऱ्या कंपनीला त्यातून मोकळे केले. डीलरने काय केले हे कंपनीला माहीत होते असे सिद्ध झाले नव्हते. जबाबदारी डीलरवर राहिली. म्हणूनच वर म्हटले, पहिल्या दिवसापासून ईमेल दोघांनाही जाऊ द्या. मग "आम्हाला कल्पनाच नव्हती" हे वाक्य कंपनीला पुढच्या काळापुरते तरी म्हणता येणार नाही.

शोरूमकडून एक युक्ती हमखास येते. तिच्यापासून सावध राहा. "आपण इन्शुरन्समध्ये टाकून देऊ, तुमचा एक रुपया जाणार नाही." जातो. क्लेम घेतला की पहिल्या वर्षानंतर मिळणारा २० टक्क्यांचा नो क्लेम बोनस गेला. शिवाय क्लेमच्या फॉर्मवर अपघात कधी, कसा झाला ते लिहावे लागते. जो अपघात तुमच्या हातून झालाच नाही, तो झाला असे तुमच्या सहीने लिहून द्यायचे. ही सही करू नका. दोष विक्रीपूर्वीचा आहे, खर्च विकणाऱ्याचा आहे.

समजा बोलणी झाली आणि दरवाजा पुन्हा रंगवायचे ठरले. तर काम कंपनीच्या अधिकृत बॉडीशॉपमध्ये, बंद पेंट बूथमध्येच होऊ द्या. शोरूमच्या मागच्या शेडमध्ये नको. रंग गाडीवरच्या कोडप्रमाणे बनवतात, पण तेवढ्याने शेड जुळेलच असे नाही. मोतिया आणि चंदेरी रंगात कारागीर शेजारच्या भागावर रंग हलका फवारत नेऊन फरक लपवतो, त्याला ब्लेंडिंग म्हणतात. दिसायला ते उत्तम, पण त्यात शेजारचा चांगला, कारखान्याचा रंगही घासला जातो. म्हणजे एका दरवाजासाठी तीन भाग हातचे जातात. साध्या पांढऱ्या रंगात बहुधा त्याची गरज पडत नाही. आधी विचारून घ्या, किती भागांना हात लावणार? जॉब कार्डवर "ग्राहकाच्या विनंतीवरून रंगकाम" असे लिहिले असेल तर खोडून घ्या. "डिलिव्हरीपूर्वीच्या दोषाची दुरुस्ती, विनामूल्य" असे लिहिल्यावरच चावी द्या. गाडी परत घेताना मात्र दिवसा घ्या, आणि ओली असेल तर पुसायला लावून घ्या. पाण्याखाली सगळेच रंग सारखे दिसतात.

उत्तर आलेच नाही, किंवा उडवाउडवीचे आले, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. मराठीतही बोलता येते. पुष्कळ प्रकरणे तिथेच मिटतात, कारण ती तक्रार कंपनीच्या वरच्या कार्यालयात पोहोचते. तेवढ्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ५० लाखांपर्यंत किमतीच्या वस्तूची तक्रार तिथेच चालते. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, पाच ते दहा लाखांपर्यंत २०० रुपये. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या करता येते, आणि शोरूम दुसऱ्या जिल्ह्यात असले तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. वकील लावलाच पाहिजे असे नाही. दोष नुसत्या डोळ्यांनी ठरवता येत नसेल तर आयोग तज्ज्ञ प्रयोगशाळेचा अहवाल मागवू शकतो. मुदत दोन वर्षांची आहे. मात्र गाडी कर्जावर घेतली असेल तर रागाच्या भरात हप्ते थांबवू नका. शोरूमचा वाद वेगळा, बँकेचा करार वेगळा. हप्ता चुकला तर नाव तुमचे खराब होईल, शोरूमचे नाही.

ज्यांची गाडी अजून यायची आहे त्यांच्यासाठी थोडेसे. ईद असो, दसरा असो की पाडवा, सणाच्या आदल्या दिवशी शोरूममध्ये शंभर गाड्या निघत असतात आणि कोणालाच बोलायला वेळ नसतो. मोठी रक्कम भरण्याआधी आणि पासिंग होण्याआधी स्टॉकयार्डात जाऊन तीच गाडी पाहायचा आग्रह धरा. चॅसिस नंबर वहीत लिहून आणा आणि बिलावर तोच आहे का ते पाहा. गाडी दिवसा, कोरडी, पॉलिश न केलेली पाहा. तिरक्या नजरेने पत्र्यावर पडलेले प्रतिबिंब बघत एक फेरी मारा, मग दरवाजे उघडून आतल्या कडा बघा. वीस मिनिटांचे काम आहे. घरातल्या तरुण मुलामुलींना बरोबर न्या, त्यांचे डोळे सेल्समनच्या बोलण्यात अडकत नाहीत. आणि सिरॅमिक कोटिंगची जोरदार शिफारस होईल तेव्हा सांगा, आधी गाडी बघू दे. कोटिंगच्या आधी पॉलिश करतात, त्यात खुणा मिटतात. वरून चकचकीत झाल्यावर खालचे शोधणे कठीण होते. शिवाय कोटिंगने दगड उडून पडणारे टवके थांबत नाहीत, मग कोणी काहीही सांगो.

लातूरहून एका वाचकाने स्कूटरबद्दल विचारले आहे. नव्या स्कूटरच्या बाजूच्या पॅनेलवर रंगाचे फोड आले आहेत आणि सर्व्हिस सेंटरवाले रंगवून देतो म्हणतात. इथे माझे उत्तर वेगळे आहे. स्कूटरचे पॅनेल स्क्रूने बसवलेला सुटा भाग असतो, आणि तो कारखान्यातून रंगवूनच सुटा मिळतो. तेव्हा रंगवू देऊ नका, वॉरंटीत पॅनेल बदलून मागा. भाग मागवायला आठ-पंधरा दिवस लागतील म्हणाले तर थांबा. तोवर स्कूटर चालवायला हरकत नाही, फक्त तक्रार जॉब कार्डवर आजच्या तारखेने लिहून घ्या.

राहता राहिला पुढे गाडी विकण्याचा प्रश्न, तोही भगिनींच्या पत्रात आहे. दरवाजा रंगवलेला आहे हे पाच-सात वर्षांनी घेणाऱ्याला सांगायचे का? सांगायचे. ऐब सांगून माल विकावा हे आपल्या घरांत वेगळे शिकवावे लागत नाही. आणि व्यवहार म्हणूनही ते सोयीचे आहे. हल्ली जुनी गाडी पाहायला येणारा माणूस खिशात जाडी मोजायचे यंत्र घेऊन येतो. दरवाजावर २८० आकडा दिसला की तो अपघात धरून चाळीस-पन्नास हजार कमी सांगतो. तेव्हा ते जॉब कार्ड, शोरूमचे उत्तर आणि आत्ता काढलेले फोटो एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये घालून आरसीच्या प्रतीबरोबर घरी कपाटात ठेवा. गाडीच्या डॅशबोर्डमध्ये नको. कोकणातल्या पावसात तिथला कागद दोन वर्षांत लगदा होतो.